काढ्याचं श्रेय

आमच्या घरात दमा माझ्याकडे आहे. कुणाकडे गळा असतो, कुणाकडे चित्रकला असते, तसा. माझ्या छातीतली शिट्टी ऐकून बायको स्वयंपाकघरातून सांगते, "आज डॉकवर डाळ उतरली वाटतं." बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं. खिदिरपूरला जहाजांवरचा माल सोडवून देणाऱ्या एका छोट्या कचेरीत मी कस्टम्सचे कागद पाहतो. डाळ उतरली की माझी शिट्टी बारीक येते, लाकडाचे ओंडके आले की जरा घोगरी. बंदराचं वेळापत्रक ह्यांच्या नरड्यात असतं, असं बायको पाहुण्यांना सांगते आणि पाहुणे मोठ्या आदराने माझ्या नरड्याकडे बघतात.

दमा माझा, पण त्यावरचा उपाय आईचा. आई आता शहात्तर वर्षांची आहे. वाईजवळच्या एका गावातून लग्न होऊन ती भवानीपूरच्या ह्या घरात आली, तेव्हा तिच्यासोबत जी काही विद्या आली तीत हा काढा होता. सकाळी सहाला पातेलं चढतं. अडुळशाचा वाळवलेला पाला, ज्येष्ठमध, पिंपळी, सुंठ. चार भांडी पाण्याचं एक भांडं होईपर्यंत ते उकळतं, मग गाळून, कोमट झाल्यावर मध. रंग पावसाळ्यातल्या गंगेचा. चवीबद्दल मी काही बोलणार नाही, कारण आई हे वाचणार आहे. वास मात्र घरभर बसतो, पडद्यांत, चादरींत, आणि बायको शाळेत शिकवते तर तिथल्या वह्यांतसुद्धा. तपासलेली वही परत घेताना एका मुलीने तिला काळजीने विचारलं होतं, "मिस, आपके घर में कोई बीमार है?"

लहानपणी मला बाळदमा होता. बाराव्या वर्षी तो गेला. पुष्कळ मुलांचा त्या वयात जातोच, हे मला फार उशिरा एका डॉक्टरांकडून कळलं. पण जातो तेव्हा मूल जे काही पीत असतं त्याला श्रेय मिळतं, आणि मी काढा पीत होतो. त्या दिवसापासून मी आईचं चालतंबोलतं प्रमाणपत्र झालो. गणपतीला इथली मराठी मंडळी जमली की आई मला पुढे करायची. "हा बघा. चार पायऱ्या चढला की बसायचा. आता बघा." मग मी सगळ्यांसमोर छाती भरून श्वास घ्यायचो. माझं लग्न झाल्यावरही घ्यायचो. सॉल्ट लेकच्या एका कुटुंबातल्या सूनबाई, बराकपूरच्या एका फौजी साहेबांची मुलगी, अशा कितीतरी छात्यांसाठी आमच्या घरून पाल्याच्या पुड्या गेल्या त्या माझ्या त्या श्वासाच्या भरवशावर.

पाला अर्थात तिकडचाच. आईच्या माहेरच्या परसात अडुळशाची झाडं होती. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, तो पाला सावलीत वाळवून पाठवायचा. मामा गेल्यावर माझ्या मामेभावंडांनी ते काम चालू ठेवलं. साताऱ्याहून किंवा पुण्याहून कुणीही कोलकात्याला येणार असलं की त्याच्या सामानात पाल्याची पिशवी चढायची. दीड दिवस आगगाडीत बसून माणूस हावड्याला उतरायचा आणि आई आधी पिशवीचा वास घ्यायची, मग माणसाची विचारपूस करायची. बँकेतले एक साहेब बदलीवर इकडे आले. आपलं क्वार्टर कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण अडुळसा कुठे द्यायचा आहे ते ठाऊक होतं.

तर बेचाळिसाव्या वर्षी माझा दमा परत आला. आला तो सामानसुमानासह, राहायलाच. मी इथल्याच एका बंगाली डॉक्टरांना गाठलं. त्यांनी दोन पंप लिहून दिले. एक निळा, धाप लागली की त्या वेळेपुरता घ्यायचा. दुसरा विटकरी, तो धाप लागो न लागो, रोज दोनदा.

आता खरी अडचण सांगतो. मामा दम्यानेच गेला. तिकडे शाळेत मास्तर होता. आई ती गोष्ट कधी पुरी सांगत नाही. इतकंच म्हणते, "हातात पंप होता त्याच्या." हे ती अशा आवाजात म्हणते की पंपानेच गळा धरला असं ऐकणाऱ्याला वाटावं. अशा घरात मी पंप कसा आणणार? मी तो कचेरीत टेबलाच्या खणात ठेवला. सकाळी घरी काढा प्यायचा, बस धरून खिदिरपूरला जायचं, खण उघडायचा, पंप घ्यायचा. संध्याकाळी निघताना पुन्हा. शनिवारी तो खिशातून घरी यायचा, रविवारी न्हाणीघरात नळ सोडून. आणि घरात आईने विचारलं, "काढा लागू पडतोय ना रे?" की मी म्हणायचो, "तुझा काढा नसता तर माझं काही खरं नव्हतं."

बायकोला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "लोक आईपासून सिगरेट लपवतात. तुम्ही औषध लपवता."

"तिला वाईट वाटेल."

"वाटेल. पण तुम्ही लपवता ते तिला वाईट वाटेल म्हणून नाही. कौतुक बंद होईल म्हणून."

मी पेपर उघडला. त्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली.

गेल्या हिवाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. पाल्याचा डबा संपला, तिकडून येणारं कुणी नव्हतं, आणि आईला खोकला लागला. डिसेंबरात आमच्या इकडे हवा जाड होते. सकाळी बाल्कनीतून समोरचं घर पुसट दिसतं. खोकला सगळ्यांनाच असतो म्हणून आम्ही फार लक्ष दिलं नाही. तळमजल्यावर राहणाऱ्या माशीमांनी दिलं. माशीमा आईच्याच वयाच्या आहेत. मी त्यांना माशीमा, म्हणजे मावशी म्हणतो, आई दीदी म्हणते. त्या दर हिवाळ्यात मागच्या अंगणातला बासकाचा पाला घेऊन वर यायच्या, खोकल्यावर फार चांगला म्हणून. आणि आई दर हिवाळ्यात गोड हसून तो टेबलावर ठेवून द्यायची आणि त्या गेल्यावर मला सांगायची, "असेल त्यांचं काहीतरी. आपला अडुळसा वेगळा."

ह्या वेळी जुडीत एक तुरा होता, पांढऱ्या फुलांचा. आईने चष्मा लावला. पान चुरडून वास घेतला, मग जिभेवर ठेवलं. मग दुसरं पान ठेवलं. ती उठून मागच्या बाल्कनीत गेली आणि खाली बघत राहिली. आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून त्या झाडांचं कुंपणच आहे, पुरुषभर उंचीचं. त्याच्या वरच्या दोरीवर आईने पन्नास वर्षं कपडे वाळत घातले.

"अहो," ती बायकोला म्हणाली. सुनेला ती अहो म्हणते तेव्हा मामला गंभीर असतो. "हा अडुळसाच आहे."

माशीमांना बोलावून आईने आपल्या बंगालीत, म्हणजे सातारच्या घाटात वळणं घेणाऱ्या बंगालीत, सगळी हकिगत सांगितली. माशीमांनी शांतपणे विचारलं, "पन्नास वर्षं तुम्ही हा रेल्वेने आणवत होतात?"

"हो."

"तिकीट काढत होतात का त्याचं?"

आई हसायला लागली. लोकांच्या ट्रंका, बँकेच्या साहेबांचं क्वार्टर, सगळं आठवून आठवून ती हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग हसण्याचा खोकला झाला, आणि तो थांबेना. तिने टेबलाची कड धरली. खांदे वर यायला लागले. मी ती शिट्टी ऐकली आणि मला कुणी सांगावं लागलं नाही. ती मी माझ्याच छातीतून ऐकत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिला माझ्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला एका नळीत तीनदा फुंकायला लावलं, कागदावरची रेघ पाहिली आणि सांगितलं की हा दमाच आहे, ह्या वयातही सुरू होतो. पंप घ्यावा लागेल, रोज.

"पंप नको," आई म्हणाली. "मला काढा पुरे. माझ्या मुलाचा दमा लहानपणी काढ्यानेच गेला, आताही तो काढ्यावरच आहे. विचारा त्याला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षं ते मला पंप लिहून देत होते. मी भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राचा बारकाईने अभ्यास करू लागलो.

ह्या डॉक्टरांचे मी फार उपकार मानतो. त्या वेळी ते हसले नाहीत. मला उघडं पाडलं नाही. त्यांनी आईला विचारलं, "माशीमा, काढ्यात काय काय घालता?" आईने एकेक जिन्नस सांगितला आणि त्यांनी तो फाइलवर लिहून घेतला. बासक त्यांच्या आजीकडेही उकळायचा, ते म्हणाले. त्याने कफ सुटतो हे खरंच आहे, खोकल्याचं एक औषध त्याच झाडावरून शोधलेलं आहे. पण दम्यात आतल्या नळ्यांना सूज असते, आणि ती सूज काढा उतरवू शकत नाही. मग ते ज्येष्ठमधापाशी थांबले. "हे बंद करा. तुमचं ब्लड प्रेशर आधीच वर आहे, ह्याने आणखी चढेल. बाकीचं प्या, हरकत नाही. पण पंपाच्या जागी नाही, पंपासोबत. ह्या धुरात पंपाशिवाय राहिलात तर हा महिना हॉस्पिटलमध्ये जाईल."

आईने मान हलवली. ती होकाराची नव्हती. मी तिला रिक्षापाशी नेत असताना डॉक्टर दारापर्यंत आले आणि मला हळूच म्हणाले, "आप बताएँगे, या मैं?"

मी बताएँगे म्हणालो आणि आठ दिवस काही बताया नाही.

त्या आठ दिवसांत आई ताज्या पाल्याचा काढा दुप्पट पीत होती, ज्येष्ठमध तेवढं वगळून. फुकटचं कुंपण हाती लागल्यासारखी. पंपाचा खोका फ्रिजवर तसाच. जिना चढताना ती पहिल्या मजल्यावर थांबायची आणि तिथल्या बंद दाराशी काही काम असल्यासारखी उभी राहायची. भाजी चिरताना मध्येच सुरी ठेवायची. मी म्हटलं, "आई, पंप घे ना." ती म्हणाली, "तू घेतलास का? तुझं भागतंच ना काढ्यावर. धीर धरावा लागतो." मी उभ्या आयुष्यात बोललेलं खोटं तिच्या तोंडून मला परत ऐकू येत होतं आणि त्याच्या भरवशावर ती धापा टाकत होती. भरल्या गणपतीत घेतलेले माझे ते सगळे श्वास आठवून मला लाज वाटली.

नवव्या दिवशी रविवार होता. बाल्कनीत ऊन आलं होतं. आईने माझ्यापुढे काढ्याचा पेला ठेवला. मी न्हाणीघरात गेलो, नळ सोडला नाही, विटकरी पंप घेऊन बाहेर आलो आणि तिच्यासमोर उभा राहून तो घेतला. श्वास रोखून धरल्यामुळे काही क्षण मला बोलता येत नव्हतं. त्याबद्दल मी देवाचे आभार मानले.

"हे काय?" आई म्हणाली.

"पंप. रोज घेतो. ऑफिसात."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं."

तिने पेल्याकडे पाहिलं. "आणि हा?"

"हाही घेतो."

"खरं सांग. ओतून द्यायचास?"

"नाही. दोनदा दिला असेल. तुळशीत."

"तरीच तिला कधी खोकला झाला नाही," बायको आतून म्हणाली. कुणी हसलं नाही.

त्या दिवशी आई माझ्याशी बोलली नाही. म्हणजे सगळं बोलली, पण सुनेमार्फत. मी समोर बसलेलो असताना, "त्याला सांग, भात झालाय." "त्याला विचार, ताक हवंय का." बायको निरोप पोचवायची, वर स्वतःचं थोडं घालायची. "आई विचारतायत ताक हवंय का. की तेही ऑफिसातच घेता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीसाठी मोजे घालत होतो तेव्हा आई येऊन समोरच्या खुर्चीवर बसली. हातात फ्रिजवरचा तो खोका. तिने वरची तारीख वाचली. पंप बाहेर काढून हलवून पाहिला, औषधाच्या बाटलीसारखा कानाशी धरून.

"त्याचा निळा होता," ती म्हणाली.

मला मामाचं नाव घ्यावं लागलं नाही. मी सांगितलं की निळा तेवढ्यापुरता असतो. नळ्या थोडा वेळ मोकळ्या करतो, पण सूज आत तशीच राहते. ती उतरवतो तो हा. हा रोज घेतला तर निळ्याची पाळी फारशी येत नाही. निळ्यावरच राहिलं तर मग एखाद्या दिवशी निळाही पुरत नाही.

"त्याला कुणी हा दिला नाही?"

"दिला असेल, आई. घेतला नसेल त्याने."

ती बराच वेळ पंपावरचं लाल टोपण काढत आणि लावत राहिली.

"दिला होता," ती म्हणाली. "त्याने मला पत्रात लिहिलं होतं, रोज घ्यायला सांगतायत म्हणून. मी लिहिलं, रोजचं नको, सवय लागेल. घरचा पाला आहे, तो घे. माझ्या मुलाला बघ कसा गुण आला."

मी मोजा हातात घेऊन बसलो होतो. माझा बाळदमा आपोआप गेला, त्याचं श्रेय काढ्याने घेतलं, ते श्रेय पत्रात घालून आईने भावाला पाठवलं. आणि इतकी वर्षं ती पंपाला दोष देत होती, कारण पंपाला नाही तर कुणाला द्यायचा हे तिला ठाऊक होतं. मला मात्र वाटत होतं की ती तिची अंधश्रद्धा आहे. मी मोठा समजूतदार, तिला दुखवू नये म्हणून खणात लपवणारा.

"तुला काय माहीत होतं तेव्हा," मी म्हणालो. "त्या वेळी सगळेच तसं सांगायचे."

"सगळे त्याची बहीण नव्हते."

बायको चहा घेऊन आली, तिने आमच्या दोघांची तोंडं पाहिली आणि चहा ठेवून आईच्या शेजारी बसली. नुसती बसली. तिचेही मी उपकार मानतो, पण तिला हे सांगत नाही, कारण मग ती विचारेल की मग इतर दिवशी काय झालं होतं.

चहा अर्धा झाल्यावर आई म्हणाली, "त्या डॉक्टरांनी काढ्यात काय घालते ते लिहून घेतलं."

"हो."

"लिहून घेतलं, मग एक गोष्ट काढायला सांगितली. सगळं टाकून द्या नाही म्हणाले." तिने पंप माझ्यापुढे धरला. "कसं घ्यायचं दाखव. आणि घाई करू नकोस. ऑफिसला उशीर झाला तर होऊ दे."

मी दाखवलं. आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, मग ओठांत धरून दाबायचा आणि सावकाश आत ओढायचा, दहा आकडे रोखायचा, मग चूळ भरायची. पहिल्या खेपेला औषध बरंचसं तिच्या चष्म्यावर गेलं. दुसऱ्या खेपेला तिने हसू दाबलं आणि खोकली. डॉक्टरांनी नंतर प्लास्टिकचा एक लांबट डबा दिला, त्याला पंप जोडला की जमतं. तिला जमायला लागलं. तिचं मत असं की चव काढ्यापेक्षा वाईट आहे. एवढं बोलून ती माझ्याकडे बघते, आणि मी मान्य करतो. ह्यात खोटं काही नाही.

तीन आठवड्यांनी तिचे खांदे खाली आले. एक दिवस माशीमांशी बोलत बोलत ती जिना चढली आणि वर येऊन पोचली तरी बोलतच होती. तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी आत जाऊन उगाच कपाट उघडून उभा राहिलो.

बराकपूरच्या फौजी साहेबांच्या घरी तिने स्वतः फोन केला. मुलगी आता मोठी झाली आहे, डॉक्टर रोजचा पंप घ्यायला सांगतात, पण घरच्यांना सवयीची भीती. आई त्यांना म्हणाली, "मी दिलेला पाला आहे ना, तो द्या हवा तर. पण पंप चुकवू नका. माझा मुलगा अकरा वर्षं घेतोय. मला सांगत नव्हता, गाढव आहे." प्रमाणपत्र अजून मीच आहे, फक्त मजकूर बदलला आहे.

माझे दोन्ही पंप आता कचेरीतून घरी आले आहेत. सकाळी आठला आई मला हाक मारते. ती घेते, मग मी घेतो, आणि दोघांच्या वेळी आकडे तीच मोजते. स्वतःच्या वेळी बोटांवर, भराभर. माझ्या वेळी मोठ्याने, एकेका आकड्यावर थांबत, जशी लहानपणी माझ्या छातीला तेल लावताना मोजायची. परवा आठवर माझा श्वास सुटला.

"दहा म्हणजे दहा," ती म्हणाली. "पुन्हा घे."

पुन्हा लगेच घ्यायचा नसतो, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. हे मी तिला समजावत होतो, ती ऐकत नव्हती, आणि दोघांचाही आवाज चांगला मोठा लागला होता.